मामाजींचं पावणेदोन एकर अन् देशी झाडांच्या तीन याद्या

जागा वर्धा जिल्ह्यातली, आर्वी तालुक्यात, गावाबाहेर पांदणीला लागून पावणेदोन एकर. मामाजी (आईचे सख्खे भाऊ, झेडपीच्या शाळेतून रिटायर) यांनी वरच्या अंगाला दोन खोल्यांचं घर बांधलंय, बाकी वावर इतकी वर्षं सोयाबीन-तुरीत होतं. आता मजूर भेटत नाही, जे उगवतं ते रोही (नीलगाई) अन् डुकरं ठेवत नाहीत, मामाजींचे गुडघेही बोलायला लागलेत, म्हणून घरात ठरलं की पीक बंद करायचं अन् सगळीकडं झाडं लावायची, तीही देशीच. मला बोलावलं कारण मी झाडांच्या मागे फिरतो हे नातेवाईकांत सगळ्यांना माहीत आहे.

गेलो तेव्हा मे महिना होता अन् टेबलावर तीन याद्या तयार होत्या.

पहिली मामेभावाची, तो पुण्यात असतो, त्यानं मोबाईलवर पाठवलेली. सीता अशोक, सुरंगी, बकुळ, नागकेशर, कोकम. सगळी अस्सल देशी झाडं, वाद नाही. पण ही सह्याद्री-कोकणातली मंडळी, तिकडं तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, दमट हवा, जांभ्याची आंबट माती. आमच्याकडं पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात उरकतो, अन् मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या वर गेला तर कोणी बातमी म्हणूनही सांगत नाही. दुसरी यादी नर्सरीवाल्याची, त्यात गुलमोहर (हा मूळचा मादागास्करचा), सप्तपर्णी अन् हिरव्या भिंतीसाठी कोनोकार्पस. कोनोकार्पस तर गुजरातच्या वनविभागाने २०२३ मध्ये लावायला बंदी केलेलं झाड, अन् आमच्याकडं अजून ट्रॅक्टर भरभरून विकल्या जातं. तिसरी यादी मामाजींची स्वतःची, एका ओळीची: सागवान, शंभर नग, खालच्या काळ्या जमिनीत.

पहिल्या दोन याद्या बाजूला ठेवायला काही कष्ट पडले नाहीत. तिसरीनं मात्र घाम काढला, कारण साग तर इथलाच. मामाजींचं म्हणणं बिनतोड होतं, "अरे अयोध्येच्या मंदिराचे दरवाजे आपल्या बल्लारपूरच्या सागवानाचे हायेत, अन् तू मले म्हणतं साग नको लावू?" लाकूड २०२३ मध्ये तिकडून गेलं हे खरं. पण ज्या जंगलात ते वाढलं तिथं पाणी मुळाशी तुंबत नाही, उतरून जातं. मामाजींच्या खालच्या पट्ट्यात ऑगस्टमध्ये चालताना चप्पल चिखलातच राहते. झाड जिल्ह्याचं आहे एवढ्यानं भागत नाही, ते त्या वावरातल्या त्या तुकड्याचं आहे का हे पाहावं लागतं, आणि पावणेदोन एकरातही तुकडे निघतात.

इथं निघाले तीन. विदर्भाचा हा भाग बेसाल्ट खडकावर आहे त्यामुळं हे जवळपास सगळीकडं असंच सापडतं, माथ्यावर माती धुपून मुरूम उघडा पडतो, उतारावर मध्यम माती राहते, अन् धुपलेलं सगळं नाल्याकडं जाऊन खोल काळी कन्हार तयार होते. मामाजींनी चाळीस वर्षं हे वावर वाहिलं, त्यांना वर तूर बसते अन् खाली तूर सडते हे पक्कं ठाऊक होतं, फक्त झाडांच्या बाबतीत तोच हिशेब कोणी मांडला नव्हता.

खड्डे खोदून पाहिले. घराजवळ टिकास कशीबशी वीतभर गेली की खणखण वाजायला लागली, खाली पिवळसर मुरूम. मधल्या पट्ट्यात दीड-दोन फूट बरी माती, मग मुरूम. खाली नाल्याकडं तर खोदायचीही गरज नव्हती, जमीन अशी भेगाळली होती की एका भेगेत तुराटी घातली तर माझा हात कोपरापर्यंत आत गेला तरी टोक कुठं टेकलं नाही. ही माती पाणी पिऊन फुगते अन् सुकून फाटते, अन् फाटताना कोवळी मुळं तोडते. पावसाळ्यात पाण्यानं गुदमरणं अन् उन्हाळ्यात मुळं तुटणं, दोन्ही सहन करेल तेच झाड तिथं टिकणार.

पाणी मुरायची परीक्षा सगळे सांगतात, खड्ड्यात पाणी ओता अन् किती वेळात जातं ते पाहा. मे मध्ये काळ्या मातीत ही परीक्षा साफ फसवते. मामाजींनी दोन बकेट ओतल्या, पाणी भेगांतून भुर्रकन गायब, अन् ते माझ्याकडं जिंकल्यासारखं पाहायला लागले, "पाहा, कुठी तुंबते?" म्हटलं थांबा, ओतत राहा. ड्रम आणून खड्डा भिजत ठेवला, माती फुगून भेगा बुजल्या, मग परत भरला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी तसंच, वरून बेडकं यायची बाकी. घराजवळच्या मुरमातला खड्डा चहा होईपर्यंत कोरडा झाला होता. अजून एक, खालच्या मातीत पांढरे खडे दिसत होते, संडास धुवायच्या ॲसिडचे चार थेंब टाकले (लांबून, चष्मा लावून, वारा पाठीमागं ठेवून) तर फसफसून फेस आला, म्हणजे चुनखडी. चुनखडीत बऱ्याच झाडांना लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात अन् शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आमच्या भागातल्या संत्रावाल्यांना हे चित्र तोंडपाठ आहे.

संत्र्यावरूनच शेवटी मामाजींना पटलं. लागून असलेल्या वावरात शेजाऱ्याची संत्र्याची बाग होती, तीही खालच्या अंगाची, काही वर्षांपूर्वी पूर्ण बसली. मी विचारलं कशानं गेली, म्हणे डिंक्यानं (खोडातून डिंक गळणारा रोग). डिंक्या कशानं आला? यावर मामाजी थोडे थांबले, मग म्हणाले, "पाणी धरे ना बाप्पा ते जमीन." एवढं बोलून त्यांनीच सागाची यादी घडी करून खिशात ठेवली. फेकली नाही हे लक्षात घ्या.

माती पाहून झाली की मी धुरे (वावराचे बांध) पाहतो. कोणी न लावता, कोणी पाणी न घालता जे उभं आहे त्याच्याइतका भरवशाचा सल्ला कुठल्याच यादीत नसतो. मामाजींच्या वरच्या धुऱ्यावर तरवड, भराटी, पळसाची झुडपं, कुसळी गवत, अन् घरामागं जमिनीलगत दरवर्षी छाटलेले तेंदूचे फुटवे. मधल्या धुऱ्यावर कडुनिंब, एक जुनं कवठ, आपटा. खाली बाभूळ, हिवर, बोर, अन् नाल्याच्या काठानं कहू (पुस्तकात अर्जुन म्हणतात तो), करंज, जांभूळ, उंबर, मध्ये मध्ये शिंदी अन् निर्गुडी. म्हणजे यादी तिथंच लिहून ठेवलेली होती, आम्ही फक्त त्यात जवळपासच्या जंगलातली, तशाच जमिनीवर येणारी काही नावं जोडली.

आता कुठं काय.

वरच्या मुरमात पहिलं काम लावण्याचं नव्हतंच, तोडणं थांबवण्याचं होतं. तेंदू अन् पळसाचे ते फुटवे दिसायला गुडघ्याएवढे, पण खाली त्यांची मुळं किती तरी जुनी अन् खोल गेलेली असतात, प्रत्येक बुडाशी एक जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढले की दोन पावसाळ्यांत झाड दिसायला लागतं. असं झाड नर्सरीत विकत मिळत नाही. तेंदू अन् पळस दोघांचंही सोटमूळ लांब जातं, पिशवीत ते गुंडाळल्या जातं अन् रोप लावलं तरी रुसून बसतं, त्यामुळं असलेलं राखणं किंवा जागेवर बी टोचणं हेच बरं. धावड्याचंही तसंच, बी भरपूर दिसतं पण बहुतेक पोचट निघतं, म्हणून रोपं सहसा मिळत नाहीत. माझा धावड्यावर फार जीव पण तिथं एकही मिळाला नाही, सोडून दिला. बाकी वर लावायला निवडलं आवळा, बेल, चारोळी, खैर, रोहन, बहावा, अन् एक मोह. मोहाचं बी जास्त दिवस टिकत नाही, ताजं असतानाच टोचावं लागतं, मामींनी माहेराहून आणलं अन् जूनच्या शेवटी तीन-तीन बिया एका आळ्यात टाकल्या. मोई पण ठेवली, तिची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तरी फुटते, पांदणीकडच्या कुंपणाला खुंटांच्या जागी तीच रोवली.

घराच्या सावलीचा विषय मामींचा. त्यांचं म्हणणं एकच, "मे मध्ये अंगणात बसता आलं पाहिजे." हे ऐकायला सोपं आहे पण इथल्या जंगलातली निम्मी झाडं मे मध्ये उघडी असतात, साग तर पाऊस आल्याशिवाय अंगावर नीट पान घेत नाही. त्यामुळं पश्चिमेला, जिकडून दुपारची झांजर (उन्हाची झळ) येते, तिकडं कडुनिंब अन् करंज घेतले, दोघंही मार्च-एप्रिलात नवी पालवी घेऊन मे मध्ये गच्च हिरवे असतात. कुसुम मधल्या पट्ट्याच्या कडेला, तिथं माती थोडी खोल आहे, त्याची लाल पालवी मार्चमध्ये येते, ती पाहायला मी स्वतः दरवर्षी कुठं ना कुठं जातो. सगळी मोठी झाडं घरापासून पंचवीस-तीस फूट लांब. उंबर-पिंपळ घर, विहीर अन् संडासच्या टाकीच्या आसपास अजिबात नको, अन् जिथं घर काळ्या मातीवर असेल तिथं तर हे अंतर अजून वाढवा, झाड उन्हाळ्यात माती शोषून घेतं, माती आकसते अन् भिंतीला तडा जातो.

मधला पट्टा सगळ्यात सोपा, बरी माती, पाणी उतरतं, तिथं काहीही येतं. कवठ, गावरान आंबा, आवळा, बीजा, आपटा, चिंच. चिंच मूळची आफ्रिकेची असं कोणी सांगायला आलं तर त्याला बसवून चहा पाजावा, शेकडो वर्षं इथं आहे, वानरांपासून माणसांपर्यंत सगळे तिच्यावर जगतात. सीताफळही तसंच, अमेरिकेतून आलं पण आमच्या बरडावर आपोआप उगवतं. मी या बाबतीत कर्मठ नाही. माझा विरोध आहे तो जिथं झाडाला दर उन्हाळ्यात टँकर लागतो त्या झाडाला.

खालचा पट्टा. इथं बाभूळ अन् हिवर आधीपासून होते, तेच वाढू दिले. नवीन लावलं ते कळम (ओलसर चिकण जमिनीत हे झाड मजेत असतं अन् कोणी लावत नाही), पळस, करंज, अन् नाल्याच्या काठाला कहू अन् जांभूळ. नाल्याच्या बाजूचं कुंपण निर्गुडीचं, तिला बकऱ्या तोंड लावत नाहीत. बाभळीचं बी बकऱ्यांच्या गोठ्यातल्या लेंड्यांतून वेचलेलं, त्यांच्या पोटातून आलेलं बी लवकर फुटतं, नाहीतर कडक साल गरम पाण्यानं मऊ करत बसावं लागतं. मामाजींना बाभूळ लावतोय याची लाज वाटत होती, गावात लोक हसतील म्हणून. हसले पण. पण वखराला, बैलगाडीला, चुलीला अन् बकऱ्यांना एकच झाड पुरं पडतं हे हसणाऱ्यांनाही माहीत असतंच.

लावण्याची पद्धत वर अन् खाली बरोबर उलटी ठेवली, अन् या गोष्टीकडं लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. मुरमात दोन फुटांचा चौकोनी खड्डा, त्यात नाल्यातला गाळ अन् शेणखत, रोप जमिनीपेक्षा थोडं खाली, उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखा मातीचा बांध, म्हणजे वरून येणारं पाणी तिथंच अडेल. काळ्या जमिनीत खड्डा म्हणजे हौद, पाऊस पडला की भरतो अन् रोप बुडतं, तिथं फूटभर उंच मातीचा ढीग करून त्यावर रोप, आळं नाहीच. उन्हाळ्यात मात्र त्याच ढिगाभोवती सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर, म्हणजे जवळपास भेगा पडत नाहीत. कुटार खोडाला चिकटवू नका, उधई (वाळवी) लागते.

रोपं सगळी दीड फुटाच्या आतली घेतली, सामाजिक वनीकरणच्या रोपवाटिकेतून अन् काही घरी केलेली. मामाजींना सहा फुटी पाहिजे होती, दिसायला पाहिजेत म्हणून. पिशवीत वाढलेल्या मोठ्या रोपाची मुळं आत गोल फिरलेली असतात, एक फाडून दाखवलं, मग काही बोलले नाहीत.

आता काय झालं ते. पहिला पावसाळा चांगला गेला, सगळं हिरवंगार, मामाजी रोज फोटो पाठवत. ऑगस्टात खालच्या पट्ट्यात ढिगांच्या मधून पाणी चार-पाच दिवस उभं होतं, रोपं वर होती म्हणून वाचली, करंज तर जणू काही झालंच नाही असे. सप्टेंबरात शेजारच्या वावरात तणनाशक फवारलं, वारा आमच्याकडं होता, मधल्या पट्ट्यातल्या कडेच्या आवळ्यांची पानं वेडीवाकडी होऊन गळली. भांडण झालं नाही, गावात रोज तोंड पाहायचं असतं, मामाजींनी जाऊन एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी फवारा मारायच्या आधी आवाज द्या, आम्ही ताडपत्री धरू. त्यातले निम्मे आवळे परत फुटले.

खरा फटका एप्रिलात बसला. आमच्याकडं पीक निघालं की धुरे पेटवायची रीत आहे, कोणी तरी पांदणीच्या अंगाचा धुरा पेटवला अन् आग वाऱ्यानं आत आली. वरच्या पट्ट्यातली पश्चिमेची ओळ जळाली, बहावा, चारोळी, बेल, सगळं काळं. मामींनी फोनवर रडत सांगितलं. जाऊन पाहिलं तेव्हा मला फार आशा नव्हती, पण जूनचे पहिले दोन पाऊस झाले अन् तेंदू, पळस दोघंही बुडातून फुटले, मोईच्या खुंटांनीही पानं काढली, खैरांतले बरेच आले, चारोळी गेली ती गेली. आगीतून परत उठणं हा आमच्या जंगलाच्या झाडांचा जुनाच धंदा आहे, पण वर्षाच्या रोपाकडून ती अपेक्षा करू नये. आता दर फेब्रुवारीत धुऱ्याच्या आतून दहा फुटांचा पट्टा गवत काढून साफ करायचा हे ठरलंय, अन् ते गवत म्हशीवाला फुकट कापून नेतो.

रोही येतातच. पहिल्या वर्षी प्रत्येक रोपाला बोरीच्या काट्यांची कुपाटी केली, काम कंटाळवाणं, हात फाटतात, पण जाळीच्या खर्चापेक्षा परवडलं. झटका मशीनचा (तारेला विजेचा झटका देणारं कुंपण) विचार झाला अन् सोडला.

पाणी फक्त पहिले दोन उन्हाळे द्यायचं, आठवड्यातून एकदा पण भरपूर, रोज तांब्याभर नको, तसं दिलं की मुळं वरच राहतात. बोअर एप्रिलमध्ये उचक्या देतो, त्यामुळं यापेक्षा जास्त देणं शक्यही नव्हतं. मामींनी पुण्याच्या यादीतली एक बकुळ गुपचूप मागवून मोरीच्या पाण्यावर लावली होती, ती छान आहे, मोरी चालू आहे तोवर राहीलही. त्यावर मी काही बोललो नाही, देवाला फुलं लागतात.

एक कागदी गोष्ट राहिली, ती झाड लावायच्या आधीच बघून घ्या. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, खैर, बीजा, तिवस, ऐन, हिरडा, जांभूळ, चंदन अशी झाडं आहेत, स्वतःच्या वावरातली असली तरी तोडायला परवानगी लागते. म्हणजे ही लावूच नका असं नाही, पण घराच्या, लाईनच्या तारेच्या किंवा शेजाऱ्याच्या धुऱ्याच्या अगदी जवळ यातलं काही लावलं अन् पुढं काढायची वेळ आली तर चकरा माराव्या लागतील. अन् ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये बांधावरची झाडं भरायची सोय आहे, ती भरून टाका, पुढं झाड कोणाचं यावर वाद निघाला तर सातबारा बोलतो.

मामाजींच्या खिशातली घडी या पावसाळ्यात बाहेर आली. शंभराचे पंचवीस साग झाले, अन् जागा मधल्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला, जिथं परीक्षेच्या खड्ड्यातलं पाणी दुपारपर्यंत मुरलं होतं. दोन ओळी, धुऱ्यापासून बारा फूट आत, सावली अन् मुळं शेजाऱ्याच्या तुरीवर जाऊ नयेत म्हणून. खालच्या पट्ट्यात दोन कळम अन् एक जांभूळ गेले, त्यांच्या जागी परत कळमच लावणार आहोत, रोपं सांगून ठेवली आहेत.